बिनगाठीची शिवण

मागच्या वर्षी मी त्या फोटोवाल्याशी भांडले, ते अख्ख्या गल्लीने ऐकलं. समोरच्या घरातल्या मुलीच्या लग्नाचे फोटो त्याने छापून आणले होते, आणि मेल्याने फिल्म उलटी धरून छापलेले. नवरी हसतेय, नवरा ताठ उभा आहे, आणि दोघांच्याही किमोनोचा उजवा पल्ला वर. मी म्हटलं, "अरे, हे काय करून ठेवलंस?" तर म्हणतो, "आजी, चेहरे तर तेच आहेत ना? एवढं कोण बघतंय?" "चेहरे तेच आहेत, पण दोन मढी उभी केलीस तू!" असं म्हणून मी फोटो त्याच्या अंगावर फेकले.

जिवंत माणसाचा डावा पल्ला वर, मेलेल्याचा उजवा वर. पोर चालायला लागलं की आधी हे शिकतं. त्या फोटोवाल्यालाही ठाऊक असणारच, त्याने बघितलं नाही एवढंच. तो बिचारा खाली बसून फोटो गोळा करत होता आणि मी उभ्याउभ्या तोंडाचा पट्टा चालवत होते. घरात आले तर फुमिनो, माझी मुलगी, मान खाली घालून शिवत बसलेली. तिला ऐकू येत नाही, म्हणून माझा तमाशा तिच्यापर्यंत पोचला नव्हता. तेवढं एक बरं झालं. कारण त्या फोटोवाल्याला बोलायचा अधिकार अख्ख्या क्योतोत कुणाला नसेल, तर तो मला.

माझे यजमान रोकुसाबुरो किमोनोवर चित्रं काढायचे आणि मी शिवायची. आमचं काम असं चालायचं: पांढरं रेशीम आलं की मी ते कापून, मोठेमोठे कच्चे टाके घालून त्याचा किमोनो उभा करायची. मग ते त्यावर चित्र काढायचे, म्हणजे फांदी पाठीवरून खांद्यावर, खांद्यावरून बाहीवर नीट वळते की नाही ते कळतं. रस्त्याच्या कडेला केन्याची निळी फुलं उगवतात ना, त्यांच्या रसाने ते रेघा ओढायचे. त्या रसाला पाणी लागलं की रेघ गायब, डागसुद्धा राहत नाही. चुकलं तर ओलं फडकं फिरवायचं आणि पुन्हा काढायचं. चित्र मनासारखं झालं की मी टाके उसवून द्यायची. मग रेघांवर तांदळाची खळ चढते, रंग भरतात, वाफ देतात, नदीत धुतात, आणि शेवटी पक्की शिवण घालायला कापड परत माझ्याकडे येतं. एकदा खळ चढून रंग बसला की मग कुणाच्या बापालाही ते पुसता येत नाही.

चित्राचा जीव असतो तो डाव्या पल्ल्यावर, कारण तो वर येतो. उजवा आत जातो. त्यावर कुणी फार काही काढत बसत नाही.

फुमिनोला अक्षरं वाचता येण्याआधी कापड वाचता यायला लागलं. आम्हा दोघांच्या मधे बसूनच ती वाढली, आणि जीभ घेतली माझी. फुलं नेसायची ती झाडावर फुलायच्या आधी, हा आमच्यातला रिवाज. नदीकाठची चेरी गळून गेल्यावर एखादी बाई अंगभर चेरी नेसून पुलावरून निघाली, की ही माझ्या कानाला लागायची, "आई, बघ, शिळं नेसलीय." एकदा एक व्यापारी आपल्या किमोनोच्या अस्तरावर लाटांवरची पाखरं काढून घ्यायला आला. लाटांवरची पाखरं म्हणजे वादळातून सुखरूप पार पडणं. तो गेला आणि ही म्हणाली, "बायको फारच कडक दिसतेय." यजमान तोंडावर हात धरून हसले. मी ओरडले, पण हसू मलाही आलं होतं.

विसावं लागेल तेव्हा तुला लांब बाह्यांचा किमोनो करून देऊ, असं आम्ही तिला कबूल केलं होतं. त्यावर काय काढायचं याची चर्चा ती सतराव्या वर्षापासून करत होती.

"मला कॅमेलिया हवाय, बाबा. लालभडक. अख्ख्या पाठीवर."

"वेडी की खुळी तू?" मी म्हटलं. "कॅमेलिया पाकळी पाकळी गळत नाही, अख्खं डोकंच तुटून पडतं. ते काय मुलीच्या अंगावर काढायचं?"

"पडलं तर पडलं. तुझ्यासारखं महिनाभर कुरकुरत गळण्यापेक्षा बरं."

"उमेचं झाड काढतो मी," यजमान म्हणाले. "बर्फात फुलतं ते. थंडीला भीत नाही."

"म्हाताऱ्यांचं झाड!" फुमिनोने नाक मुरडलं. मग म्हणाली, "बरं, पण खोड चांगलं जाड काढा हं. बसता येईल एवढं."

एकोणिसाव्या वर्षी, उन्हाळ्यात, तिला खोकला लागला. मी म्हटलं, रंगाच्या वाफेने असेल. मग एका सकाळी तिने रुमाल मुठीत लपवला आणि मी मूठ उघडली. रक्त बघून मीच खाली बसले. ती म्हणाली, "आई, ऊठ गं, मला क्षय झालाय, तुला नाही." अशी होती.

ऑक्टोबरात डॉक्टर मला बाहेर अंगणात घेऊन गेले. म्हणाले, "ही थंडी निघणं कठीण आहे. तिला जे खावंसं वाटेल ते द्या." डॉक्टरने असं म्हटलं की काय समजायचं ते कुणालाही समजतं. मी आत आले आणि पेज ढवळत बसले. पेज केव्हाच झाली होती, तरी ढवळत बसले.

मागच्या खोलीत तिचं अंथरूण होतं. मधे कागदाचं सरकतं दार, आणि अलीकडे आमची कामाची खोली. ती पडल्या पडल्या आमचे आवाज ऐकायची. कात्री कुठे ठेवली, दोरा कुठला घेतला, सगळं तिला आवाजावरून कळायचं. "आई, सुई बदल, बोथट झालीय, कापड रडतंय," असं आतून ओरडायची आणि मग खोकत राहायची.

नोव्हेंबर लागला तसं यजमान म्हणाले, "तोकी, पांढरं रेशीम काढ. फुमिनोचा किमोनो करू."

माझ्या लग्नातलं एक थान मी जपून ठेवलं होतं. युद्धात बाकी सगळे कपडे खेड्यात नेऊन देऊन मी तांदूळ आणले, पण त्या थानाला हात लावला नव्हता. ते कापून मी कच्चे टाके घातले. मला वाटलं, यांना आशा आहे. मला वाटलं, बापाचं मन आहे, विसाव्या वर्षाचा किमोनो झाला की मुलगी विसावं वर्ष बघेल असं त्यांना वाटत असेल. मला इतकं बरं वाटलं! त्या दहा दिवसांत मी तिच्यासाठी अंडं मिळवलं, मासा मिळवला, शेजारणीशी गोड बोलले, जी मला डोळ्यांसमोर नको असायची.

अकराव्या दिवशी दुपारी यजमानांनी हाक मारली, "झालं. टाके उसव."

मी गेले. किमोनो काठीवर पसरून टांगला होता. निळ्या रेघांचं ते झाड बघून मी तिथेच उभी राहिले. काय सांगू! पन्नास वर्षांत मी हजारो चित्रं शिवली असतील, असं एकही नाही. खालून खोड असं मुरगळत वर आलेलं, सालीचा खरखरीतपणा हाताला लागेल असा, मग कमरेपाशी त्याला दोन फांद्या फुटलेल्या, एक पाठीवर गेलेली, एक खांद्यावरून बाहीवर उतरलेली, आणि त्यावर ही एवढीएवढी उघडलेली फुलं. मी कात्री घेऊन पुढे झाले, आणि मग माझ्या लक्षात आलं.

खोड उजव्या पल्ल्यावर होतं.

"अहो," मी कुजबुजले, कारण दारापलीकडे फुमिनो जागी होती. "डोळे फुटले का तुमचे? सगळं झाड उजव्यावर काढलंत!"

ते ब्रशचं टोक बोटांनी पिळत राहिले.

"तीस वर्षं हेच करताय ना? नेसली की हे सगळं आत जाईल. वर काय राहील? चार डहाळ्या आणि कोरं कापड. पुसा ते आधी. द्या ते फडकं इकडे."

"आत नाही जाणार," ते म्हणाले.

"कसं नाही..."

त्यांनी हातातला ब्रश खाली ठेवला. माझ्याकडे बघत नव्हते. "ती हे एकदाच नेसणार आहे, तोकी. आणि आपणच तिला नेसवणार आहोत. त्या वेळी झाड आत गेलेलं मला बघवणार नाही."

मला असा संताप आला की वाटलं, द्यावी एक कानाखाली. जिवंत मुलीचं मढं काढून टांगलं होतं या माणसाने, आणि इकडे मी अंडी शोधत फिरत होते! चुका पुसायला ठेवलेली पाण्याची वाटी त्यांच्या गुडघ्यापाशी होती. ती मी उचलली. नुसती ओतायची होती. एका क्षणात सगळं झाड वाहून गेलं असतं, आणि मग त्यांना म्हणाले असते, काढा आता परत, डाव्यावर काढा, मुलगी जगणार आहे असं समजून काढा.

"बाबा, झाड कुठवर आलं?" आतून फुमिनोने विचारलं.

"फुलं आली," ते म्हणाले.

"आणि आई काय कुजबुजतेय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आई म्हणतेय, खोड फार जाड काढलंय."

ती हसली. हसता हसता खोकला आला, आणि तो थांबेना. यजमान डोळे मिटून बसले होते आणि मी हातात वाटी घेऊन उभी होते. तो खोकला मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकला. संपला तेव्हा ती म्हणाली, "आई, जरा पाणी दे गं," आणि आवाज असा होता की कानात आलाच नाही, अंदाजाने कळला. मी वाटी खाली ठेवली. तिला पाणी दिलं, तोंड पुसलं, आणि परत येऊन एकेक टाका उसवायला बसले.

लोक म्हणतील, तू तरी काय करणार होतीस, नवऱ्याने केलं, डॉक्टरनेच तसं सांगितलं होतं. म्हणू देत. मी काय केलं ते मला माहीत आहे. ती वाटी खाली ठेवताना मी माझ्या मुलीची आशा सोडली.

नदीतलं धुणं सोडलं तर त्या किमोनोचं पुढचं काम यजमानांनी कुणाच्या हाती दिलं नाही. खळ लावणारे, रंग भरणारे, सगळ्यांनी पल्ला ओळखला असता. रंग भरणारा म्हाताराही म्हणाला, "रोकुसाबुरोसान, आमचं पोट मारताय की काय?" मुलीचं काम आहे म्हटल्यावर तो आल्या वाटेने परत गेला. डिसेंबरात कामो नदीत धुणारी माणसं गुडघाभर पाण्यात उभी राहून खळ धुवत होती. काठावर उभी राहून मी माझ्या मुलीचं झाड वाहत्या पाण्यात बघितलं. कापडाचे तुकडे एकाला एक जोडून लांबच लांब पट्टी केलेली असते, त्यात कोण पल्ले बघतंय? "सुरेख झालंय," एक जण म्हणाला. "लग्नाचं का?" मी हो म्हटलं.

मग ते शिवायला माझ्याकडे आलं.

आमच्यात मेलेल्यासाठी शिवतात तेव्हा दोऱ्याला गाठ मारत नाहीत. सुरुवातीला नाही, शेवटीही नाही. जाणारा कशात अडकू नये म्हणून. एरवी शिवणारी बाई सगळं विसरेल, गाठ विसरणार नाही, बोटं आपोआप मारतात. पहिल्या बाहीच्या शेवटी सुई आली आणि माझी बोटं थांबली. आत ती कण्हत होती. तिला इतके हाल होत होते, इतके हाल, की मला वाटलं, सुटू दे बाई एकदाची. होय, वाटलं मला तसं. आईला असं वाटू नये, पण वाटलं. मी दोरा तसाच कापला. यजमानांना सांगितलं नाही. त्यांनी झाड काढलं, मी गाठ मारली नाही, आणि दोघांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. त्या अख्ख्या किमोनोत एकही गाठ नाही.

झाल्यावर फुमिनो म्हणाली, "दाखव की."

"वेळेआधी बघू नये. बरी झालीस की नेस."

"बाही तरी दाखव."

मी बाही नेऊन तिच्या गालाशी धरली. फुलं बघून तिने बाहीत नाक खुपसलं. मग म्हणाली, "नदीचा वास येतोय अजून." मी किमोनो कागदात गुंडाळून पेटीत ठेवला.

नवं वर्ष लागलं तरी ती होती. जानेवारीच्या मध्यावर डॉक्टर स्वतः घरी आले. नवीन इंजेक्शन आलं होतं, फार थोड्यांना मिळत होतं, आणि तिचं नाव यादीत लागलं होतं. "एक सांगतो," ते म्हणाले, "याने काहींचे कान जातात."

"जाऊ देत," यजमान म्हणाले. विचार करायला श्वासभरही थांबले नाहीत.

रोज इंजेक्शन. तीन आठवड्यांत ताप उतरला. फेब्रुवारीत तिला विसावं लागलं त्या दिवशी तिने पेजेबरोबर खारवलेलं उमेचं फळ मागून घेतलं आणि बी चोखत बसली. त्याच सुमारास एकदा म्हणाली, "आई, एवढ्या थंडीत रातकिडे का ओरडतायत?" बाहेर बर्फ पडत होता. कुठले रातकिडे? मार्चमध्ये माझ्या हातून तिच्या पाठीमागे पितळी तसराळं पडलं. शेजारीण धावत आली. फुमिनोने मान वळवली नाही.

कान गेले, पोरगी राहिली. मी अंगणात जाऊन रडले ते आनंदानेच रडले, खोटं कशाला बोलू? यजमान तर पाटी आणि खडू घेऊन आले आणि पहिलं वाक्य लिहिलं, "काय खाणार?" तिने मोठ्या आवाजात सांगितलं, "भाजलेली बाम मासळी!" आवाज केवढा होतो ते तिला आता कळत नव्हतं. सगळ्या गल्लीला कळलं की रोकुसाबुरोची मुलगी बाम मागतेय. आम्ही दोघं हसलो. आणि हसता हसता दोघांचीही नजर पेटीकडे गेली.

त्या दिवशी यजमान पहिल्यांदा बोलले, "जाळून टाकतो."

"आणि तिने विचारलं तर?"

"दुसरा करू."

दुसरं रेशीम कुठून आणणार होतो? आणि झाडाचं सोडा, ते तर आता फिरणारं नव्हतं. पण गाठी? गाठी मी मारू शकले असते. दोन दिवसांचं काम. उसवून परत शिवायचं, प्रत्येक दोऱ्याला गाठ मारायची. ती झोपलेली असताना झालं असतं, न्हाणीघरात बसून झालं असतं. माझ्यापाशी अख्खं वर्ष होतं. पण त्यासाठी पेटी उघडावी लागली असती. मी त्या पेटीवर अंथरुणं रचली, त्यावर जुने डबे ठेवले, आणि पेटीकडे पाठ करून शिवत राहिले.

पुढच्या डिसेंबरात फुमिनो हिंडूफिरू लागली होती. एक दिवस म्हणाली, "माझा किमोनो, आई. उमे फुलायच्या आत नेसायला हवा. नंतर नेसले तर मीच शिळी."

मी पाटीवर लिहिलं, "थंडी आहे. पुढच्या वर्षी."

तिने वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. ऐकू येत नाही त्या माणसाची नजर फार तीक्ष्ण होते. तोंड काय बोलतंय ते सोडून ती बाकी सगळं बघत असते.

जानेवारीत एका दुपारी मी शिवलेले कपडे पोचवायला गेले होते. परत आले तर अंथरुणं आणि डबे खाली उतरवलेले, पेटी उघडी. यजमान भिंतीशी, हात गुडघ्यांवर ठेवून बसलेले. त्यांनी तिला अडवलं नव्हतं. कसं अडवणार? काय लिहून?

ती आरशासमोर उभी होती. डावा पल्ला वर, रीतसर, कमरेला नुसती दोरी बांधलेली. समोरून बघितलं तर कोरं कापड आणि कुठून आल्या ते न कळणाऱ्या चार डहाळ्या. खोड नाही, बुंधा नाही. फुमिनो आरशात बघत होती. मग तिने डावा पल्ला बोटाने जरा बाजूला केला आणि आत बघितलं. झाड आत होतं. तिचा हात तसाच राहिला. ती कुणाची मुलगी होती? तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तिने दोरी सोडली. डावा पल्ला आत घेतला, उजवा वर आणला, आणि दोरी परत बांधली. सगळं झाड समोर आलं. खोड, फांद्या, फुलं, एक रेघ कुठे तुटत नव्हती.

"आई," ती म्हणाली, "किती सुंदर दिसले असते गं मी."

"नाही गं, नाही, तसं नाही!" मी ओरडले, पुढे धावले, काय काय बोलले मला आठवत नाही. ती आरशात माझं तोंड हलताना बघत होती. मग मला भान आलं. मी पाटी घेतली आणि लिहिलं, "बाबांची नजर अधू झालीय. चूक झाली. लाज वाटली म्हणून दाखवला नाही."

तिने वाचलं. बापाकडे वळली. यजमानांनी मान डोलावली. तीस वर्षांत ज्या माणसाची रेघ चुकली नाही, त्याने मुलीसमोर मान खाली घातली आणि चूक कबूल केली. त्यांचे ते उपकार मी कधी फेडले नाहीत.

आणि तिने विश्वास ठेवला. तिला विश्वास ठेवायचाच होता. तिचा चेहरा असा मोकळा झाला की मला वाटलं, वाचलो. "एवढंच ना?" ती म्हणाली, डोळे पुसत, हसत. "मग तेरावा असल्यासारखं काय बसलात दोघं? बाबा, चष्मा करा. आणि मला दुसरा काढून द्या. आता तरी कॅमेलिया."

तिने किमोनो उतरवला आणि घडी घालायला बसली. मी तिला लहानपणी शिकवलं होतं, घडी घालताना शिवणीवरून अंगठा फिरवत जायचं, म्हणजे कुठे टाका सैल असला तर कळतो. ती हसत होती, काहीतरी बोलत होती, आणि अंगठा आपला बाहीच्या शिवणीवरून चालला होता. शेवटाशी येऊन तो थांबला. तिने दोऱ्याचं टोक चिमटीत धरलं आणि हलकेच ओढलं. दोरा आला. आणखी ओढला, आणखी आला. बाही अंगापासून सुटत गेली.

"गाठ कुठाय, आई?"

केवढ्याने विचारलं तिने! गल्लीत लोक थांबले असतील. माझ्या हातात खडू होता. मी पाटीवर टेकवला, आणि लिहायला काहीच नव्हतं. नजर अधू होते. हाताला गाठ मारायला नजर लागत नाही.

तिने दुसरी बाही बघितली. मग गळा, मग कडा, मग पाठीची शिवण, एकेक करून, घाई न करता. यजमान तेव्हा कुठे माझ्याकडे बघायला लागले, कारण त्यांनाही हे पहिल्यांदाच कळत होतं. सगळ्या शिवणी बघून झाल्यावर तिने किमोनोची नीट घडी घातली, सुटलेली बाही आत दुमडली, कागदात गुंडाळला आणि पेटीत ठेवला. मग चुलीपाशी जाऊन तांदूळ धुवायला लागली.

ती रडली नाही, भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, मी चांगली भांडते. पण ती माझी मस्करी करायची, माझ्या नकला करायची, ते मात्र त्या दिवसापासून बंद झालं. यजमानांवर तिचा राग नव्हता. नऊ वर्षांनी ते गेले तेव्हा तिनेच त्यांना नेसवलं, उजवा पल्ला वर घेऊन. त्यांचे कपडे मी शिवले होते, बिनगाठीचे. तेही तिने आधी बघून घेतले.

आता ती आणि मी दोघी शिवतो. लोक म्हणतात, तोकीबाईंचं नशीब बघा, मुलगी म्हातारपणी जवळ आहे, हाताखाली काम करते. खरं आहे. मी शिवते आणि ती घड्या घालते. माझ्या हातचा प्रत्येक कपडा, कुणाचाही असो, बाहेर जाण्याआधी ती उलटा करते, शिवणीवरून अंगठा फिरवत शेवटापर्यंत जाते आणि गाठ आहे का बघते. बावीस वर्षं झाली. जिवंत माणसाच्या कपड्यात माझ्याकडून एकही गाठ मारायची राहिलेली नाही. तरी ती बघते.